धाकटीच्या गालावरची बोटं

भादवा लागला की आमच्या कारखान्यात मुखवटे येऊ लागतात. एरवी वर्षभर तिथं नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, खुर्च्यांचे पाय असलं सामान निकल चढवायला येतं. पण महालक्ष्म्या जवळ आल्या की पितळेचे चेहरे येतात. कुणाचे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले, कुणाचे स्टीलच्या डब्यात तांदळावर ठेवलेले. वर्षभर पेटीत राहून काळवंडलेले. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी तोंडाला तोंड लावून येतात. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो.

परवा या वर्षीची पहिली जोडी आली. मी फडक्याची गाठ सोडली आणि माझे हात आपोआप मागं गेले. दहा वर्षं झाली, अजून जातात. हातमोजे घातल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावत नाही, आणि मोजे घातले तरी आधी धाकटीला लावत नाही.

हे मी माझ्या लेकीच्या, सविताच्या, शाळेच्या जुन्या वहीत लिहिते आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मागची पानं कोरी राहिली होती. लिहिण्याची मला सवय नाही, चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण बोलण्याची त्याहून कमी आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. वही बरी. ती मधेच "काय म्हणलीस? जोरात बोल," असं म्हणत नाही.

भादव्याचं ऊन वेगळंच असतं. पावसाळ्याचं नाही आणि उन्हाळ्याचंही नाही, डोक्यावर कुणी गरम ओलं फडकं टाकावं तसं. रानात सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, कपाशीला पिवळी फुलं आलेली असतात. एमआयडीसीत यातलं काही दिसत नाही, पण वास येतो. बियाण्यांच्या कारखान्याकडून वारा आला की सरकीचा वास येतो, सळयांच्या मिलकडून आला की तापलेल्या लोखंडाचा. सविताचे पप्पा त्या मिलमधे आहेत. तिथली धडधड आमच्या शेडच्या जमिनीतून दिवसभर पायाला लागते. आमच्या शेडचा स्वतःचा वास आंबट आहे, कच्च्या चिंचेसारखा. तो लुगड्याला बसतो आणि धुतला तरी जात नाही.

शेडमधे ओळीनं टाक्या आहेत. पहिली गरम साबणपाण्याची, मग साध्या पाण्याची, मग पातळ ॲसिडची, पुन्हा पाण्याची, आणि शेवटी निकलची. निकलचं पाणी हिरवं असतं, काचेच्या बांगडीसारखं. त्याच्याही पुढं सोन्याच्या रंगाची एक लहान टाकी आहे, पण ती मिस्त्रींच्या ताब्यात. तिला आम्ही बायका हात लावत नाही.

दादाराव मिस्त्री आधी बियाण्यांच्या कारखान्यात होते. त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं पेरणीवर जायचं. मी कामाला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला हिरव्या टाकीजवळ उभं केलं आणि सांगितलं, "लोकाला वाटतंय, आपण भिंतीला रंग द्यावा तसा थर देतो. तसं न्हाई. थर खालून उगवतो. पेरणी बघितली ना? एक दाना हितं रुजतो, एक तितं. मंग फुटवे पसरतेत, एकमेकाला भिडतेत, अन् सगळं रान हिरवं दिसतं. निकलबी तसंच. आधी ठिपके धरतंय, मंग ठिपके वाढून जुळतेत. म्हणून खालची जमीन बराबर पाहिजे. जिथं तेल हाय तिथं काही रुजत न्हाई. बाजूचा थर वरून नुसता पांघरूण घालतो. दिसायला एकदम मस्त. जरा ऊब लागली की फुगला."

ओरखड्याचंही तसंच. मला वाटायचं, वरून थर चढला की ओरखडा बुजेल. बुजत नाही. उलट चकाकीत तो लांबून दिसायला लागतो. म्हणून आधी बफच्या चाकावर घासून घासून पितळ सारखं करून घ्यायचं. आणि उंचवट्यावर थर जास्त बसतो, खोलगटात कमी. नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर भरपूर. डोळ्यांच्या कोपऱ्यात जेमतेम. त्यामुळं चार-पाच वर्षांनी मुखवटा परत येतो तेव्हा आधी डोळ्यांचे कोपरे काळे झालेले असतात. रडून काजळ फिसकटावं तसे.

जमीन बराबर आहे की नाही हे ओळखायची एक रीत आहे. साबणपाण्यातून काढलेल्या वस्तूवर साधं पाणी सोडायचं. ती स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ पडदा अखंड राहतो. कुठं तेलाचं बोट जरी असलं तरी पाणी तिथं फुटतं, थेंब थेंब होऊन बाजूला सरकतं. आम्ही म्हणतो, पाणी फुटलं. फुटलं की वस्तू परत साबणात.

ही रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेजारी गोदाक्का उभी होती. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. घनसावंगीकडची. तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी, आता थोडी शेती. तेव्हा ती जालन्यात भावाकडं राहून कामाला येत होती. पाणी फुटलेलं बघून ती म्हणाली, "आमच्या मेंढराच्या पाठीवर पाऊस पडला की असंच व्हतंय. लोकरीला तेल असतंय ना. मिस्त्री, मेंढराला निकल चढवायला घेऊ नगा बरं, फुगंल!"

मिस्त्री हसले. मीही हसले, पण पदर तोंडाला लावून. लगेच ती माझ्याकडं वळली. "आन् हिच्या तोंडाला कुणी चढवलंय का निकल? हालतच न्हाई!"

माझं नाव कमल. ती मला कमळे म्हणायची. डब्यात भाकरी आणि ठेचा असला तर ठेचा माझ्याकडं सरकवायची, बसायला खिडकीजवळचं स्टूल मात्र स्वतःकडं ठेवायची. "म्हातारीला वारा पाहिजे," असं म्हणायची, आणि तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. मालकीणबाई काही बोलल्या की माझ्या वाटचं उत्तर तीच द्यायची. माझ्या वाटचं तिनं इतकं बोलून दिलं होतं की तिच्या वाटचं एकदा मी बोलायचं होतं, तेव्हा मला ते करताच आलं नाही.

तो माझा कारखान्यातला पहिला भादवा होता.

सकाळी मी सविताच्या दोन वेण्या घातल्या. ती तेव्हा शाळेत होती, केस दाट, खोबऱ्याचं तेल चोपडून लावल्याशिवाय वेणी बसायची नाही. नंतर मी हात साबणानं धुतले. रोज धुवायची. पण तेल नखांच्या कडेला राहतं, बोटांच्या रेघांत राहतं. हे मला आता माहीत आहे. म्हणजे तेव्हाही माहीत होतं, मिस्त्रींनी सांगितलं होतं. मोजे त्यासाठीच असतात.

कारखान्यात पोचले तर गोदाक्कानं मला बाजूला घेतलं. "कमळे, आज माझी अडचण हाय. देवीचं काम, तवा उचलाठेव तू कर बाई. म्या नुसती तार बांधते, मोजे घालून. मालकिणीला सांगू नको, न्हाई तं घरी धाडंल." मी मान हलवली. तिला विश्वास होता की मी कुणाला सांगणार नाही. मी कुणालाच काही सांगत नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी एका जुन्या घराण्याची जोडी आली होती. बफवर घासून, साबणातून काढून, पाणी सोडून पाहिली. दोघींच्याही चेहऱ्यावर पाणी कुठं फुटलं नाही. आता ॲसिडात बुडवायचं, तेवढ्यात लाईट गेली. मिस्त्री म्हणाले, "पाण्यातच राहू द्या, हात लावू नका," आणि जनरेटरकडं गेले. गोदाक्का मोरीकडं गेली. शेडमधे मी एकटी राहिले.

आमच्या घरी महालक्ष्म्या नाहीत. वाटण्या झाल्या तेव्हा त्या थोरल्या जाऊबाईंकडं गेल्या. रीत तशीच आहे, देव थोरल्याकडं राहतात. आम्ही तीन दिवस तिकडं जातो, पुरण वाटतो, वाढतो, जेवतो. मुखवटा बसवायचा मान जाऊबाईंचा. त्या दारातून थाळी वाजवत मुखवटा आणतात, कुणीतरी विचारतं, "कशाच्या पावलानं आली?" त्या म्हणतात, "सोन्याच्या पावलानं आली." मी मागं ताट धरून उभी असते. महालक्ष्मीचा चेहरा मी तोवर कधी जवळून पाहिला नव्हता.

पाण्यात दोघी होत्या. थोरली जरा करारी, ओठ मिटलेली. धाकटीचे गाल भरलेले, हनुवटीला खळी. धुतलेलं पितळ सोन्यासारखं दिसत नाही. ते फिकं असतं, न्हाऊन आलेल्या पोरीच्या अंगासारखं. तिच्या डोळ्यांत अजून काळं भरलेलं नव्हतं. नथ नव्हती, कुंकू नव्हतं. मी तिला पाण्यातून उचललं आणि मला वाटलं, माहेरी आलेली पोर आहे ही, दारात कुणी घ्यायला आलं नाही.

मोजे घालून तिला कसा हात लावायचा? पाया पडताना पायताण काढतो तसे मी मोजे काढले. दोन्ही हात तिच्या कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीपर्यंत फिरवले आणि माझ्या कानशिलावर बोटं मोडली. आलाबला घेतली. माझी आई माझी घ्यायची, मी सविताची घेते. सगळी बोटं कडकड वाजली. आई म्हणायची, सगळी वाजली की माया खरी.

मग तिला परत पाण्यात ठेवलं आणि मोजे चढवले. पाणी सोडून पाहिलं असतं तर तिथंच दिसलं असतं. गालांवर पाणी फुटलं असतं, माझ्या बोटांएवढं. पण मी पाहिलं नाही. देवीची आलाबला घेतल्यावर कोण तपासतं?

लाईट आली. अजून तीन जोड्या खोळंबल्या होत्या. मिस्त्री घाईत होते. गोदाक्कानं मोजे घालून मुखवट्याच्या मागच्या कडीला तार बांधली, मिस्त्रींनी धाकटीला ॲसिडातून काढून हिरव्या पाण्यात सोडलं. निकल चढलं, वर सोन्याचा रंग चढला. गरम भुशात वाळवून काढली तेव्हा ती इतकी झळकली की गोदाक्का लांबूनच म्हणाली, "पोरगी लग्नाला आली गं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरच्या सासूबाई आणि दोन सुना न्यायला आल्या. सासूबाईंनी स्वतः फडकं उघडलं. थोरली लखलखत होती. धाकटीच्या दोन्ही गालांवर फोड आले होते. कानाकडून हनुवटीकडं, पट्ट्यापट्ट्यांनी. एका ठिकाणचा पापुद्रा सुटून खालचं पितळ दिसत होतं.

"अगं माय," सासूबाई म्हणाल्या. "काय केलं माझ्या लेकीच्या तोंडाचं?"

मिस्त्रींनी मुखवटा उजेडात नेला. नखानं पापुद्रा उचलून पाहिला. "कुणाचा तरी हात लागलाय," ते म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं, हाताचं तेल. पण सासूबाईंनी ते वेगळंच धरलं. "कुणाचा हात? कुणाची अडचण व्हती का इथं?"

मालकीणबाई आतून आल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग गोदाक्काकडं. गोदाक्काला खोटं बोलता आलं असतं. ती नाही बोलली. "माझी हाय," ती म्हणाली. "पर म्या चेहऱ्याला हात न्हाई लावला. तार बांधली फकस्त, मोजे घालून. इचारा की कमळीला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दोन्ही सुना, मालकीणबाई, मिस्त्री. मला इतकंच म्हणायचं होतं की हात माझा होता. तेवढंही नको, "हो, तिनं हात लावला नाही," एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मान खाली गेली. हिरव्या टाकीखालची फरशी मला अजून दिसते. तिच्यावर चुना सांडलेला होता.

खाली गेलेल्या मानेचा त्यांनी त्यांना हवा तो अर्थ लावला. "बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

"अहो, विटाळानं निकल फुगत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तेलानं फुगतं."

"पुरुष माणसानं यात बोलू नये," सासूबाई म्हणाल्या, आणि मिस्त्री मुखवटा घेऊन टाकीकडं वळले.

मालकीणबाईंनी गोदाक्काला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं डबा घेतला, छत्री घेतली. दाराशी जाता जाता माझ्याजवळ थांबली. मला वाटलं आता ही मारणार. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तूबी काय करशील माय," ती म्हणाली. "तुला कुठं बोलता येतंय."

तिनं मला माफ केलं होतं. ज्याची माफी पाहिजे होती ते तिला माहीतच नव्हतं.

मिस्त्रींनी धाकटीवरचा सगळा थर उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून चढवला. काम करता करता एकदा मला विचारलं, "कमल, डोक्याला तेल कोणतं लावती?" मी म्हणाले, खोबऱ्याचं. ते "हं" म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. गेल्या वर्षी ते काम सोडून गावाकडं गेले तेव्हा माझ्या हातात नवे मोजे देऊन गेले.

खिडकीजवळचं स्टूल मला मिळालं. वारा चांगला येतो.

आता पाणी सोडून बघायचं काम माझ्याकडं आहे. नव्या बायका येतात, त्यांना मी पेरणी सांगते, ओरखडा सांगते, डोळ्यांचे कोपरे दाखवते. मोजे काढू नका असं दिवसातून दहादा सांगते. का, ते सांगत नाही. एकीनं एकदा विचारलं, "मावशी, देवीला बी मोजे घालूनच?" मी म्हणाले, "देवीला तर बिलकुलच मोजे काढायचे न्हाईत." तिला ते उलटं वाटलं असेल.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण ती टाळली तर मग लिहिलं कशाला. सविता मोठी झाली, तिला पहिल्यांदा बाजूला बसायची वेळ आली, तेव्हा जाऊबाई आमच्याकडं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चार दिवस कोपऱ्यात बसव." मी सविताचा हात धरून तिला चुलीजवळ नेलं आणि तिच्या हातात परात दिली, कणीक मळायला. जाऊबाई बघत राहिल्या. मला भीती वाटली नाही, कारण मला पक्कं माहीत होतं. मी डोळ्यानं पाहिलं होतं की धातूला विटाळ कळत नाही, त्याला तेल कळतं. ते शहाणपण मी माझ्या लेकीसाठी वापरलं. ज्या बाईला त्याची किंमत पडली तिला कधी जाऊन सांगितलं नाही.

मला वाटायचं, ती विसरली असेल. दुसरीकडं काम मिळालं असेल. मी स्वतःला असं पुष्कळ काही वाटून घेतलं आहे. तेही वरून पांघरलेलंच.

या श्रावणात मी माहेराहून येत होते. घनसावंगीच्या स्टँडवर जीपमधे चढले तर समोरच्या बाकावर गोदाक्का. केस पांढरे झालेले, आवाज तोच. "कमळे! आगं, निकल उतरलं का न्हाई तोंडाचं?" सगळी जीप हसली. तिनं माझा हात हातात घेतला. मुलाचं लग्न झालं, सून चांगली आहे, सोयाबीन यंदा बरं आहे, मेंढरं थोडीच ठेवली आहेत, असं सगळं सांगत राहिली. मग महालक्ष्म्यांवर बोलणं आलं. त्यांच्याकडंही बसतात, पितळेच्याच.

"तयारी जोरात असंल," मी म्हणाले.

"सून करती. म्या दाराशी बसते, हात न्हाई लावत."

"का?"

"आता का म्हणती? तूच व्हतीस की तितं." ती हसली, पण आवाज खाली आला. "धाकटीचं तोंड कसं झाल्तं. तवापासनं न्हाई लावत. आता तर अडचणबी गेली माझी, दोन वर्सं झाली. सून म्हणती, आत्याबाई, आता काय हरकत हाय? पर मन धजत न्हाई. माझ्या हाताचा गुणच तसला."

"तुम्ही तर नुसती तार बांधल्ती," मी म्हणाले. इतकंच म्हणाले.

"तार तर बांधली ना," ती म्हणाली.

तिचं गाव आलं. ती उतरली. जीप सुटल्यावर माझ्या तोंडातून "अक्का" निघालं, पण तोवर धूळ उडाली होती.

दहा भादवे ती दाराशी बसली. मी खिडकीशी.

*

वरचं लिहून चार दिवस झाले. काल महालक्ष्म्या आल्या. जाऊबाईंकडं मी सविताला पाठवलं आणि मी दुपारी गोदाक्काच्या गावची जीप धरली.

तिचं घर गावाच्या कडेला आहे, मागं सोयाबीन. अंगणात हळदीकुंकवाची पावलं काढलेली होती. आत सुनेनं दोन कोठ्यांना साड्या नेसवल्या होत्या, मुखवटे पाटावर ठेवले होते. गोदाक्का उंबऱ्याच्या अलीकडं बसून भाज्या निवडत होती, सोळा भाज्यांचा ढीग समोर. मला बघून तिनं हात झटकले. "आगं बया, तू कशी काय? सुने, पाणी आण."

"पाणी नको अक्का," मी म्हणाले. "एक पितळी तांब्या द्या. आन् चिंच, राख."

"भांडी घासायला आली का काय येवढ्या लांबून?"

मी मोरीवर बसून तांब्या घासला. चिंचेनं घासला, राखेनं घासला, धुतला. मग तिच्यासमोर आणून त्याच्यावर पाणी सोडलं. पाणी अखंड पसरलं, कुठं फुटलं नाही. तिला ते आठवलं असणार, तिनं मान हलवली. मग मी माझ्या वेणीवरून हात फिरवला आणि तोच हात तांब्याच्या पोटावरून खाली ओढला, आलाबला घेतात तसा. पुन्हा पाणी सोडलं. चार बोटांच्या चार पट्ट्यांवर पाणी फुटलं, थेंब थेंब झालं आणि बाजूला गेलं.

"हे धाकटीच्या गालावरचं," मी म्हणाले. "लाईट गेल्ती तवा. मी मोजे काढून आलाबला घेतली तिची. सकाळी पोरीच्या वेण्या घातल्या होत्या. तुमची तार नव्हती अक्का. माझा हात होता."

इतकं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, सुनेनं आणलेलं पाणी त्याच्यावर ओतलं. पट्ट्या तशाच. पुन्हा ओतलं. मग बोट लावून एक पट्टी पुसली, आणि पुसल्यावर ती आणखी पसरली.

"तुला तवाच म्हाईत व्हतं?"

"पापुद्रा बघितला तवाच."

"मला वाटलं तुला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. तांब्या खाली ठेवला. "धा वर्सं, कमळे."

मी वाट बघत होते की ती ओरडेल. ती ओरडली नाही. उठली, मोरीवर गेली. राख घेऊन कोपरापर्यंत हात घासले, परत परत धुतले. पाणी अंगावर उडत होतं तरी थांबली नाही. मग हात तसेच वर धरून, कशालाही न पुसता, उंबऱ्यापाशी आली. तिथं क्षणभर थांबली. मग आत गेली.

"सुने, सरक. धाकटी मी बसवते."

सून बाजूला झाली. गोदाक्कानं मुखवटा उचलला. नथीचे मोती वाजत होते. चेहरा कोठीवर नीट बसला तेव्हा तिनं दोन्ही ओले हात त्याच्या गालांवरून फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. दोनच वाजली. तिनं पुन्हा मोडून पाहिली.

सून हळदीकुंकवाचं ताट घेऊन माझ्याकडं यायला निघाली. महालक्ष्म्यांच्या दिवसांत दारातून कुणी बाई तशीच परत जात नाही.

"तिला राहू दे," गोदाक्का वळून न बघता म्हणाली.

सून मधेच थांबली. मी पायात चप्पल घातली आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा सविता जाऊबाईंकडून आली होती, कपाळभर हळदीकुंकू लावून. तिनं माझ्याकडं पाहिलं. "आई, महालक्ष्म्यांच्या घरून आलीस आणि कपाळ कोरं? त्यांनी कुंकू लावलं नाही?"

"न्हाई," मी म्हणाले. "बराबर हाय ते."